उन्हाळी परीक्षा: पत्र्याखालच्या नवशिक्यांसाठी

सुरुवातीलाच एक मान्य करू या, मंडळ प्रामाणिक आहे. विद्यापीठं आपल्या परीक्षांना प्रथम सत्र, द्वितीय सत्र अशी गारगार नावं देतात. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ असला आडपडदा ठेवत नाही. त्यांच्याकडे परीक्षा दोनच, हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळीत गचकलेल्यांनी उन्हाळीला यावं, उन्हाळीत गचकलेल्यांनी हिवाळीची वाट बघावी. पावसाळा निकालासाठी आणि रडारडीसाठी मोकळा सोडलेला आहे.

ही पुस्तिका उन्हाळीची. पॉलिटेक्निकात केमिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि मागच्या एखाद्या विषयाचं शेपूट अजून दारात अडकलेल्या मुलामुलींसाठी ती लिहिली आहे. लेखक कुंभवलीचा. पात्रता विचाराल तर हीट ट्रान्सफर हा एकच पेपर मी तीनदा दिलाय. पहिल्याच फटक्यात सुटलेल्यांना त्या विषयातलं काय कळत असेल, हे मला नेहमी कोडंच वाटत आलंय.

कुंभवली कुठे, असं पालघरपलीकडच्या कुणी विचारलं तर उत्तर हप्त्याहप्त्यानं द्यावं लागतं. स्टेशन बोईसर, एमआयडीसी तारापूरची, आणि गाव आमचं. ते एमआयडीसीच्या कुशीत आहे की काखेत, हे त्या दिवशी वारा कुठून वाहतो त्यावर ठरवायचं. देशातली पहिली अणुवीज १९६९ साली इथून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर तयार झाली. गावाबाहेर पडलं की रिअ‍ॅक्टर, कूलिंग टॉवर, धुराडी, वाफेच्या पाइपांच्या रांगा. थोडक्यात, तीन वर्षं ज्या गोष्टींचा अभ्यास करायचा त्या सगळ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर दिवसरात्र सुरू असतात. अभ्यासाला बसताना त्यांच्याकडे पाठ करून बसावं, हा या पुस्तिकेचा पहिला नियम. मी तो काटेकोरपणे पाळला. तीनदा बसलो ते काही उगाच नाही.

पायरी पहिली: जागा पकडा

अभ्यासाआधी बसायला जागा लागते, आणि मे महिन्यात कुंभवलीत ती दुपारी बारा ते पाच मिळत नाही. चाळीतल्या खोल्यांवर सिमेंटचे पत्रे. आमच्या किनारपट्टीला पारा पस्तीस-छत्तिसाच्या वर फारसा चढत नाही, म्हणून चंद्रपूरकडचे पाहुणे आम्हाला हसतात. त्यांना एक दुपार पत्र्याखाली लोळवलं की हसू आटपतं. पारा सावलीतल्या हवेचा असतो, पत्रा उन्हात असतो. समजा तो रात्री २७ अंशांवर असतो आणि दुपारी ६० वर जातो. ('समजा' म्हणायची सवय आत्तापासून लावून घ्या, पेपरात लागते.) तापलेली वस्तू जी उष्णता बाहेर फेकते ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, असं स्टीफन आणि बोल्ट्झमन सांगून गेलेत. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, ६० म्हणजे ३३३. एकाला दुसऱ्यानं भागा, चौथा घात करा, उत्तर दीडच्या किंचित वर. म्हणजे दुपारचा पत्रा रात्रीच्या दीडपट उष्णता सरळ टाळूवर ओततो, खालचा पंखा काही का म्हणेना.

हे गणित मी पास झाल्यावर केलं. परीक्षेच्या दिवसांत त्याच पत्र्याखाली बसून मी 'सिग्मा बरोबर ५.६७ गुणिले दहाचा उणे आठवा घात' एवढंच घोकत होतो. पाच-सहा-सात-आठ असं लक्षात ठेवायचं. या पुस्तिकेतली एवढी एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे, ती फुकट घ्या.

आईला स्टीफन माहीत नाही. एप्रिल लागला की ती पप्पांना पत्र्यावर चुना मारायला चढवते आणि भर दुपारी गोणपाट भिजवून वर टाकते. पांढरा चुना ऊन परत पाठवतो. गोणपाटातलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जातं. आमच्याकडच्या दमट हवेत ते उडायला कंटाळा करतं ही गोष्ट वेगळी. टँकर आला नसेल त्या दिवशी ते लिटर आणायचं कुठून, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

शेजारी स्लॅबचं घर असेल तर हेवा करू नका. पत्रा दुपारी छळतो, पण संध्याकाळी सहाला सोडतो. स्लॅब दिवसभर ऊन गिळून बसतो आणि रात्री दहाला ओकायला सुरुवात करतो. एका मित्राच्या स्लॅबखाली मी आठवडाभर रात्रीचा अभ्यास केला. त्यातून मला घामोळं आलं.

राहिल्या बाहेरच्या जागा. बोईसर स्टेशनचा बाक चांगला, पण तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी 'विरार गेली का' विचारतं आणि आपण सांगत बसतो. चिंचणीचा किनारा मोकळा, सुरूच्या झाडांची सावली असते, वारा असतो. पुस्तक घेऊन चौघं मिळून जावं. परत येताना पुस्तकात वाळू असते आणि चौघांच्या पोटात भेळ. सर्वांत उत्तम जागा म्हणजे एटीएमची गार खोली. पण तिथे खातं रिकामं असलेल्या माणसाला तीन मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही आणि तीन मिनिटांत फक्त फुरिएचा नियम होतो. या फुरिएसाहेबांनी उष्णतेवरचं ते जाडजूड पुस्तक १८२२ साली काढलं. त्याआधी १७९८ साली नेपोलियनबरोबर ते इजिप्तला जाऊन आले होते, तेव्हा उन्हाचा अनुभव दांडगा. आमचे सर त्यांना फोरियर म्हणायचे, आम्हीही फोरियरच लिहिलं, गुण कापले गेले नाहीत.

पायरी दुसरी: वेळापत्रक

एक कोरा कार्डशीट आणि चार रंगांचे स्केचपेन घ्या. मग वडिलांना विचारा, पुढच्या आठवड्यात शिफ्ट कोणती? कारण एका खोलीच्या घरात अभ्यासाचं वेळापत्रक तुम्ही करत नाही, कंपनीचा टाइमकीपर करतो. फर्स्ट असेल तर पहाटे साडेपाचला डबा भरायचा खडखडाट होतो आणि तुम्ही आपोआप उठता. सेकंड असेल तर रात्री साडेअकराला जेवण, दिवा चालू, अभ्यास बरा होतो. थर्ड असेल तर पप्पा दिवसभर झोपलेले असतात. त्या आठवड्यात मोठ्यानं घोकणारे विषय घेऊ नयेत, मुक्याची गणितं घ्यावीत. मुलींसाठी हा तक्ता आणखी किचकट होतो, कारण त्यात पाणी भरायची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ न विचारता आधीच भरलेली असते. माझ्या वर्गातली एक मुलगी नळाच्या रांगेत हंड्यावर वही ठेवून मास ट्रान्सफर करायची. ती आमच्यातली पहिली आली. तिचं नाव द्यायला तिनं मनाई केली आहे.

कार्डशीट भिंतीवर लावा. पहिल्या आठवड्यात तो पंख्याच्या वाऱ्यानं एका कोपऱ्यातून सुटेल. असू द्या.

पायरी तिसरी: उजळणी

ही पायरी हळदीमुळे रद्द करण्यात आली आहे.

मे म्हणजे लग्नसराई, आणि आमच्याकडे लग्न दुपारचं उरकतं, खरं लग्न आदल्या रात्रीच्या हळदीला लागतं. मांडव तुमच्या खिडकीपासून नेमका बारा फुटांवर पडतो. आधी बेन्जो, मग डीजे. रात्री दहाला आवाज बंद करायचा सरकारी नियम आहे, आणि तो दहाला बंद होतोच. सव्वादहाला नवऱ्याच्या मामाच्या आग्रहावरून पुन्हा सुरू होतो. शास्त्रीयदृष्ट्या पाहता स्पीकरचे ठोके पत्र्यात शिरतात, पत्रा थरथरतो, पत्र्यावरचा चुना पापुद्र्यानं वहीवर पडतो. अशा वेळी जो मुलगा 'माझा पेपर आहे' असं सांगून घरात बसतो, त्याला पुढली दहा वर्षं आळीत 'मोठा इंजिनीअर' म्हणून हाक मारतात. त्यापेक्षा जाऊन नाचावं. मी दोन हळदींना गेलो आणि एकीला नाही गेलो. नाही गेलो त्या रात्री प्रँड्टल नंबरची व्याख्या वाचत होतो, ती आजही मला पाठ नाही. तिकडचं जेवण मात्र कसं होतं ते चौघांनी सांगितलं.

पायरी चौथी: साहित्य

महाराष्ट्रात केमिकलच्या मुलाच्या पिशवीत निराली प्रकाशनाचं गव्हाणे सरांचं पुस्तक असतंच असतं. त्याला कुणी पुस्तकाच्या नावानं ओळखत नाही, 'गव्हाणे आण' म्हणतात. आमची प्रत तीन सीनिअरांच्या हातून आलेली. प्रत्येकानं महत्त्वाच्या ओळी वेगळ्या रंगानं रंगवलेल्या, त्यामुळे न रंगवलेली ओळ शोधून तीच वाचावी असं आमचं ठरलेलं. मॅककेब आणि स्मिथ यांचं विलायती पुस्तक ग्रंथालयातून आणावं. जाड आहे. उशाला घेतल्यावर मान ताठ राहते आणि घरच्यांना धीर येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप असेलच. तिथे परीक्षेच्या आदल्या रात्री बारा वाजता कुणीतरी 'पक्के प्रश्न' टाकतो. तो कोण, त्याला कुठून कळतं, हे विचारायचं नाही. माझ्या पहिल्या खेपेला त्या यादीत सोळा प्रश्न होते. पेपरात त्यातला एक आला, तोही दुसऱ्या विषयाच्या पेपरात.

पण खरा खजिना मंडळाच्या संकेतस्थळावर असतो आणि तो फुकट असतो. मागच्या परीक्षांची आदर्श उत्तरं मंडळ स्वतःच तिथे ठेवतं. नवशिका थेट उत्तरांवर उडी मारतो. तसं करू नका, आधी पहिल्या पानावरच्या परीक्षकांसाठीच्या सूचना वाचा. अख्ख्या तीन वर्षांत मला इतकं प्रेमळ वाङ्मय दुसरं वाचायला मिळालं नाही. उत्तर शब्दाला शब्द जुळवून तपासू नये, कळीचे शब्द बघावेत. व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये, इंग्रजीचा पेपर सोडून. गणितात मुलानं गृहीत धरलेली किंमत वेगळी असली तर उत्तर थोडं वेगळं येऊ शकतं, हे लक्षात घ्यावं. माझ्या घरातल्या एकाही माणसानं मला कधी इतकं समजून घेतलेलं नाही. पहिल्या दोन खेपांना मी ते पान ओलांडून पुढे गेलो आणि व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ केल्या.

त्यात अलीकडे आणखी एक सूचना असते. २०२१-२२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून उत्तर लिहायची मुभा मिळाली, परीक्षकानं संकल्पना जुळते का ते बघायचं. माझं पहिलं वर्ष त्याआधी उरकलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो होतो. बाईंनी मेणबत्ती, लोखंडी सळई आणि टाचण्या घेऊन शिकवलं होतं आणि सळईवरून एकेक टाचणी गळताना मी डोळ्यांनी बघितली होती. पॉलिटेक्निकात तेच कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन होऊन आलं आणि आम्ही पहिल्यांदाच भेटल्यासारखे उभे राहून त्याला 'गुड मॉर्निंग सर' म्हणालो. हा नवा विषय नाही, जुनीच टाचणी आहे, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

पायरी पाचवी: घरातल्या माणसांपासून सावध

या पायरीवर नवशिके हमखास घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काका-मामा फोन करून 'झाला का अभ्यास' विचारतात, त्यांना 'चालू आहे' हे उत्तर पुरतं. आई विचारत नाही, ती दर दोन तासांनी पन्हं आणून ठेवते आणि पान उलटलंय का बघून जाते. हे सगळे निरुपद्रवी. धोका आहे तो वडिलांचा, आणि ते कंपनीत प्लांट ऑपरेटर असतील तर फारच. अशा माणसाला अभ्यासातलं काहीही विचारायचं नाही. त्यांना इंग्रजी व्याख्या येत नाहीत. त्यांना फक्त ती वस्तू येते.

मी ही चूक केली ती अशी. तिसऱ्या खेपेच्या पेपराला चार दिवस उरले होते. रात्री साडेदहाला लाईट गेली. अख्खी चाळ ओट्यांवर येऊन बसली. मी मोबाइलच्या उजेडात पुटपुटत होतो, तेवढ्यात सेकंड शिफ्टवरून सुट्टी टाकून लवकर आलेले पप्पा बाजूला येऊन टेकले.

"काय वाचतोस रे?"

"एलएमटीडी."

"म्हणजे काय?"

मी इंग्रजीत व्याख्या म्हणून दाखवली. लॉगॅरिदमिक पासून डिफरन्सपर्यंत, एका श्वासात. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ओट्याच्या कोब्यावर शेजारी शेजारी दोन ओल्या रेघा ओढल्या.

"आमच्या कूलरची गोष्ट सांगतो. माल नव्वद अंशांनी आत जातो नि पन्नासला बाहेर पडतो. पाणी तिसाला येतं, चाळिसाला जातं. शटडाऊन झाला, कूलर खोलला, धुतला, परत जोडला. दुसऱ्या दिवसापासून माल पन्नासला उतरेना. बावन्न-त्रेपन्नवर अडकला. पंप तोच, पाणी तेवढंच. मॅनेजर बोंबलायला लागला, म्हणे ट्यूब चोकअप आहेत. हायड्रा क्रेन बोलावली, ट्यूबचं बंडल बाहेर ओढलं, परत धुतलं. त्रेपन्नच."

"मग?"

"मग काय. थर्ड शिफ्टला मी एकटा होतो. लाइन हातानं चाचपत गेलो. पाणी बाहेर पडतं तो पाइप नि माल बाहेर पडतो तो पाइप, दोन्ही एकाच टोकाला. फिटरनं पाण्याची इन-आऊट उलटी जोडलेली."

त्यांनी बोट पुन्हा बुडवलं. दोन्ही रेघांना एकाच बाजूनं बाण काढले. "दोघं एकाच दारानं आत आले, की आल्या आल्या जोरात भांडतात. पुढे जाता जाता दोघंही कोमट होतात, शेवटाला एकमेकाशी बोलायला काही उरत नाही." मग त्यांनी हाताच्या पंजानं ते पुसलं, परत रेघा ओढल्या, आता बाण समोरासमोर. "हे बघ. गरम इकडून, थंड तिकडून. प्रत्येक जागी समोरचा आपल्यापेक्षा बऱ्यापैकी वेगळाच भेटतो. शेवटपर्यंत भांडण चालू."

पहिला बाण तोवर वाळलाही होता.

लाईट आल्यावर मी आकडे टाकून बघितले. पप्पांचीच तापमानं घेतली. समोरासमोरच्या प्रवाहात एका टोकाला फरक ५०, दुसऱ्या टोकाला २०. लॉगनं सरासरी काढली, ३२.७ आली. एकाच बाजूनं सोडलं तर एका टोकाला ६० आणि दुसऱ्या टोकाला १०, सरासरी २७.९. म्हणजे तेवढंच काम करून घ्यायचं तर उलट्या जोडणीत ट्यूब जास्त लागतात, आणि ट्यूब तेवढ्याच असतील तर माल पन्नासला न उतरता वरच अडकतो. किती वर, तेही काढून बघितलं. बावन्न पूर्णांक चार. माझ्या वडिलांनी हाताच्या तळव्यानं शोधलेलं उत्तर. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत.

पुस्तिकेचा सल्ला या बाबतीत स्पष्ट आहे. असं काही घडू देऊ नये. एकदा गोष्ट समजली की व्याख्या पाठ होत नाही, मध्येच हसू येतं. शिवाय मग रस्त्यानं जाताना हायड्राला लटकलेलं ट्यूब बंडल दिसलं की पाय थांबतात. दोन-तीनशे ट्यूब, वर पिवळट खवल्यांचा थर. मी पेपरात काढायचो ते चार ट्यूबचं, फूटपट्टीनं, बॅफलना नीट नावं दिलेलं. ते बंडल मी तीन वर्षं रोज ओलांडून कॉलेजला जात होतो आणि एकदाही ओळख दाखवली नव्हती.

पायरी सहावी: प्रत्यक्ष दिवस

केंद्र पालघरला. कुंभवलीहून शेअर रिक्षा पकडा. मागे तिघं, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि तुम्ही डावीकडचे, एक पाय हवेत. हॉल तिकीट दातात धरू नका, भिजतं. बोईसरला गाडी. लोकल डहाणूपर्यंत आली २०१३ साली, पण आमच्यात अजून 'शटल'च म्हणतात. ती चुकली तर पुढची कधी, याचं उत्तर देणारं गणित हीट ट्रान्सफरमध्ये नाही. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे, पण तुमच्या पेपराच्या आत नाही. बसायला जागा मिळण्याची आशा ठेवू नये. घोलवड-डहाणूच्या चिकूंच्या पाट्यांना आणि मासळीच्या टोपल्यांना या मार्गावर आपल्यापेक्षा जास्त मान आहे, आणि तो बरोबर आहे, चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तुम्हाला अजून काही मिळालेलं नाही. मध्ये उमरोळी, मग पालघर. दोन स्टेशनांत दोनच गोष्टी म्हणून घ्याव्यात. दीटस-बोल्टरच्या सूत्रातला घात तापवताना ०.४, गार करताना ०.३. एकेक स्टेशनाला एकेक.

पेपर हातात आला की वरच्या सूचना वाचा. मोबाइल, पेजर आणि तत्सम साधनं परीक्षेच्या खोलीत चालणार नाहीत, असं माझ्या प्रत्येक पेपरावर छापलेलं होतं. तेव्हा पेजर घरी ठेवून या. नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा आणि मग घरी ठेवा, पण नियम पाळा. त्याखाली असतं की गरज पडल्यास योग्य ती माहिती गृहीत धरावी. हे वाक्य मला फार आवडतं. पहिल्या खेपेला मी ते मनावर घेऊन पाण्याचं तापमान गृहीत धरलं, मालाचं गृहीत धरलं, शेवटी उत्तरही गृहीत धरलं.

पेपर ७० गुणांचा, सुटायला २८ लागतात. पहिला प्रश्न सातांतले पाच, दोनदोन गुणांचे. हे दहा गुण म्हणजे मंडळानं दारात ठेवलेलं पाण्याचं भांडं, ते ओलांडून पुढे जाऊ नये. त्यानंतर चारचार गुणांचे आणि शेवटी सहासहाचे. सहाच्या गणितात अडकलात तर जिथवर आलात तिथवर लिहा, सूत्रालाही गुण असतात. आकृती विचारली नसली तरी काढा. पंखा डोक्यावर असलेला बाक मिळाला तर उत्तरपत्रिका उडते, नाही मिळाला तर हातावरचा घाम शाईत मिसळतो. रुमाल दोन घ्या, एक हाताखाली ठेवायला.

तिसऱ्या खेपेला चार गुणांना प्रश्न आला: पॅरलल आणि काउंटर करंट फ्लो यांतला फरक सांगा. मी पेन खाली ठेवलं. ओट्यावरच्या ओल्या रेघा दिसायला लागल्या. मग उभी रेघ मारून तक्ता केला, दोन्ही आकृत्या काढल्या, बाण काढले, आणि शेवटचा मुद्दा म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की दोन्हीच्या बाहेर पडायच्या नळ्या एकाच टोकाला दिसल्या तर फिटरला बोलवावं. भांडणाचं लिहिलं नाही. त्यासाठी कळीचे शब्द सापडेनात.

पेपर झाल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत उभं राहू नका. समोर लिंबू सरबताची गाडी असते, तिकडे जा.

निकाल पावसाळ्यात लागला. ७० पैकी २८. पप्पांनी मोबाइल हातात घेऊन पडदा खालीवर करून बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाकीचे बेचाळीस कुणाला दिले?"

हिवाळी परीक्षेची पुस्तिका वेगळी आहे. तिच्यासाठी कुंभवलीत स्वेटर लागत नाही, एवढंच आत्ता सांगून ठेवतो.